झोडियॅक : बलूनवाल्यांची रबरी होडी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

व्यापारी जहाजांवर मी काही वर्षं थर्ड मेट, म्हणजे तिसरा अधिकारी होतो. लाइफबोट, लाइफ राफ्ट, लाइफ जॅकेट यांची देखभाल जहाजावर थर्ड मेटच्या गळ्यात असते. रजेवर घरी आलं, की पूरग्रस्तांना काढणाऱ्या त्या केशरी होड्या टीव्हीवर दिसल्यावर कुणीतरी विचारतंच, "अरे, ती फुटत नाही का?" तिथून गाडी कुठेही जाते. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

झोडियॅक हे कंपनीचं नाव आहे की होडीच्या प्रकाराचं?

मुळात कंपनीचं. पण आपल्याकडे फोटोकॉपीचं झेरॉक्स झालं आणि वनस्पती तुपाचं डालडा झालं, तसंच हे झालं. फ्रान्समध्ये कुठलीही फुगवायची मोटरबोट दिसली, की लोक तिला 'झोडियाक' म्हणतात, मग बनवणारा कुणी का असेना. जहाजावरचे आमचे बोसनही, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, म्हणायचे, "झोडियॅक उतरवा." ती असायची भलत्याच कंपनीची.

कंपनी होड्यांसाठीच सुरू झाली होती का?

नाही. १८९६ साली पॅरिसमध्ये मॉरिस माले या बलूनवाल्यानं भागीदार घेऊन कारखाना काढला, तो आकाशात उडवायच्या बलूनचा. हायड्रोजन किंवा कोळशाचा वायू भरलेले मोठे गोल बलून, खाली वेताची टोपली, टोपलीत दोन-तीन श्रीमंत हौशी माणसं. त्या काळच्या पॅरिसमधला हा बड्यांचा खेळ होता.

मालेचा जोडीदार काउंट आंरी द ला व्हो हा त्यातलाच, पण हौसेच्या पुढे गेलेला. १९०० साली तो पॅरिसजवळच्या व्हँसेनहून बलूनमध्ये बसला आणि थेट कीव्हजवळ जाऊन उतरला. अंतर सुमारे १,९२५ किलोमीटर, वेळ ३५ तास ४५ मिनिटं. इंजिन नाही, सुकाणू नाही, वारा नेईल तिकडे जायचं. उतरला तो रशियन साम्राज्यात!

पुढे कंपनीनं छोट्या एअरशिप, म्हणजे इंजिन लावून हव्या त्या दिशेला नेता येणारे लांबट बलून, बनवायला घेतल्या. त्यांना 'झोडियॅक' म्हणजे राशिचक्र असं नाव दिलं आणि हळूहळू तेच कंपनीचं नाव झालं. ऑगस्ट १९०९ मध्ये रॅंसला भरलेल्या पहिल्या मोठ्या विमानमेळ्यात 'झोडियॅक ३' हवेत होती. १९१३ साली कंपनीनं 'स्पीस' बांधली. आतून टणक सांगाडा असलेली, फ्रान्समध्ये बांधलेली ही एकमेव एअरशिप. पहिल्या महायुद्धात सैन्याला आणि नौदलाला एअरशिप आणि टेहळणीचे बलून लागायचे, तेव्हा कारखान्याला उसंत नव्हती.

मग आकाशातून पाण्यात कशी आली?

आकाशातलं गिऱ्हाईक संपलं म्हणून. विमानं सुधारली आणि एअरशिपचे दिवस भरत आले. १९३७ साली जर्मनांची 'हिंडेनबर्ग' अमेरिकेत उतरताना जळाली, तेव्हा उरलंसुरलं आकर्षणही गेलं. झोडियॅककडे काय उरलं? रबर लावलेलं कापड कसं कापायचं, त्याचे सांधे हवाबंद कसे चिकटवायचे, व्हॉल्व्ह कुठे बसवायचा, हे हातात मुरलेले कारागीर.

पिएर दब्रुतेल नावाच्या त्यांच्या इंजिनियरनं १९३४ च्या सुमारास हेच कसब पाण्याकडे वळवलं. आधी फुगवायची कायाक, म्हणजे अरुंद वल्हवायची होडी, मग दोन लांब नळ्यांची कॅटामरान. १९३७ मध्ये फ्रेंच नौदलाच्या हवाई विभागाला टॉर्पेडो आणि बॉम्ब पाण्यावरून न्यायला काहीतरी हवं होतं. त्यासाठी त्यानं जो नमुना केला, त्यातून आजच्या होडीचा आकार आला. पेटंट १९४३ चं, म्हणजे पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असतानाचं.

मला या कंपनीच्या गोष्टीत सगळ्यात आवडतं ते हे. सव्वाशे वर्षांत तिनं बलून केले, होड्या केल्या, पॅराशूट केली, विमानातून घसरत उतरायच्या घसरगुंड्या केल्या. धंदा बघायला गेलं तर एकच : कापडात हवा कोंडायची आणि ती तिथेच राहील असं बघायचं.

फुगवायची होडी झोडियॅकनंच शोधली ना?

छे. हवेवर तरंगायची युक्ती फार जुनी आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये असिरियाच्या राजवाड्यातली शिल्पं आहेत, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातली. त्यात माणसं फुगवलेली कातडी पोटाखाली धरून नदी ओलांडताना दिसतात. पंजाबातल्या नद्यांवर मशकीवर पालथं पडून पार जाणं अगदी अलीकडेपर्यंत चालायचं. आपल्याकडे कातड्याऐवजी भोपळा होता. वाळलेले भोपळे बांधून सांगड करायची आणि नदीत उतरायचं. मी स्वतः विहिरीत पोहायला शिकलो ते ट्रकच्या ट्यूबवर. ट्यूबचा पितळी व्हॉल्व्ह बरगडीवर घासून जो ओरखडा उठायचा, तो घरी लपवावा लागायचा.

रबर लावलेल्या कापडाची होडी म्हणाल, तर १८४० च्या दशकात पीटर हाल्केट या इंग्रज नौदल अधिकाऱ्यानं केली होती. तिची गंमत अशी, की ती एरवी रेनकोट म्हणून अंगावर घालायची आणि नदी लागली की भाता लावून फुगवायची. वल्ही म्हणून काठीला पातं, शीड म्हणून छत्री! नौदलानं आपल्या कामाची नाही म्हणून बाजूला ठेवली, पण उत्तर ध्रुवाकडच्या काही मोहिमांनी खरोखर नेली.

दब्रुतेलनं काय केलं, ते असं. त्याआधीच्या बहुतेक रबरी होड्या म्हणजे गोल किंवा लांबट कडं आणि मध्ये कापडी तळ. पाण्यात टाकली की भोवऱ्यासारखी गरगरणार, वल्हवून माणूस रडकुंडीला येणार. त्यानं दोन्ही बाजूंच्या नळ्या पुढे जोडल्या आणि मागे मोकळ्या सोडल्या, म्हणजे इंग्रजी यू अक्षर. त्या मोकळ्या टोकांमध्ये लाकडी फळी बसवली आणि तळातही लाकडी पाट टाकले. मागच्या फळीवर आउटबोर्ड इंजिन टांगता आलं आणि तरंगणारी ट्यूब सरळ धावायला लागली. नळ्यांची टोकं फळीच्या मागे शेपटीसारखी थोडी बाहेर येतात, ती उगीच नाहीत. माणसं आणि इंजिन यांचा भार मागे पडतो, तो ती टोकं उचलून धरतात.

पण ती फुटत नाही का?

फुटते की. पण सगळी एकदम नाही. नळीच्या आत पडदे घालून तिचे कप्पे केलेले असतात. एक कप्पा गेला तरी बाकीचे तरंगत ठेवतात. होडी वाकडी होते, वेग जातो, शिव्या बसतात, पण बुडत नाही. आणि ठिगळ लावायची रीत सायकलच्या दुकानातलीच : घासा, सोल्युशन लावा, वाळू द्या, दाबा. फक्त दुकानदार पाच मिनिटं थांबतो, इथे पूर्ण दिवस थांबावं लागतं.

बोंबार कोण? रबरी होडीचा विषय निघाला की त्याचं नाव सारखं येतं.

नावावरून हसून घ्या आधी, मग वाचा.

आलँ बोंबार हा फ्रेंच डॉक्टर. १९५० च्या सुमारास तो उत्तर फ्रान्समधल्या बुलोन्य बंदरातल्या इस्पितळात होता. मच्छीमार बोट फुटून बुडालेले खलाशी तिथे आणले जायचे आणि त्याला काही करता यायचं नाही. त्यानं जहाजं बुडाल्यावर काय होतं याचा अभ्यास सुरू केला. त्याच्या असं लक्षात आलं, की लाइफबोटीत चढलेली माणसंही थोड्या दिवसांत मरतात आणि तेवढ्यात कुणी भुकेनं किंवा तहानेनं मरायला नको. त्याचं म्हणणं पडलं, की माणूस धीर सुटून मरतो. समुद्रात खायला-प्यायला आहे हे त्याला पटवून दिलं तर तो जगेल.

पटवायचं कसं? स्वतः जाऊन. झोडियॅकची सुमारे साडेचार मीटर लांबीची होडी त्यानं घेतली, तिच्यावर एक छोटं शीड चढवलं आणि नाव ठेवलं 'लेरेतिक', म्हणजे पाखंडी. शहाणी माणसं त्याला वेड्यात काढत होती, त्यांना दिलेलं ते उत्तर. २५ मे १९५२ ला जॅक पामर नावाच्या साथीदाराला घेऊन तो मोनॅकोहून निघाला. भूमध्य समुद्रात दोघांची परीक्षा झाली. टॅंजियरला पामर उतरला तो उतरलाच. बोंबार एकटा पुढे कासाब्लांका, मग कॅनरी बेटांवर लास पाल्मास. तिथून १९ ऑक्टोबरला अटलांटिकमध्ये शिरला.

कच्चे मासे कापून, पिळून त्यांचा रस प्यायचा. मागे बारीक जाळं सोडून प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गोळा करायचं आणि रोज चमचा-दोन चमचे गिळायचं, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्यानं होणारा स्कर्व्ही होत नाही. अधूनमधून समुद्राचं पाणी, थोडं थोडं. तीन आठवड्यांनी पाऊस आला, तेव्हा गोडं पाणी मिळालं. शीड फाटलं, अंगाला फोड आले, नखं गळाली. ५३ व्या दिवशी 'अराकाका' नावाचं जहाज भेटलं. कप्तानानं ठिकाण सांगितलं आणि बोंबारला कळलं, की आपण धरून चाललो होतो त्यापेक्षा सुमारे ६०० मैल मागे आहोत. इतके दिवस रेखांशाचं गणित चुकत होतं. कुणीही शिडी धरली असती. यानं थोडं खाल्लं आणि परत होडीत उतरला. २३ डिसेंबर १९५२ ला तो बार्बाडोसच्या किनाऱ्याला लागला. ६५ दिवस, वजन २५ किलोनं कमी.

झोडियॅकला याहून मोठी जाहिरात पैसे मोजून मिळाली नसती. बलूनवाल्यांची रबरी होडी अटलांटिक पार करते, हे सगळ्या युरोपनं वर्तमानपत्रांत वाचलं.

म्हणजे समुद्राचं पाणी प्यायलं तर चालतं?

नाही. अजिबात नाही. आम्हाला शिकवतात ते नाही असंच. मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडाला आतलं गोडं पाणी खर्चावं लागतं, म्हणजे पिऊन तहान वाढते. हानेस लिंडेमान नावाच्या जर्मन डॉक्टरनं स्वतः छोट्या होडीतून अटलांटिक ओलांडून बोंबारचं हे म्हणणं खोडून काढलं. ही चर्चा पुढे बरीच कडवट झाली. माझं मत विचाराल, तर बोंबारचं पाण्याबद्दल चुकलं, धीराबद्दल नाही.

बोंबारच्या नावाचा एक अपघातही झाला होता ना?

हो. ३ ऑक्टोबर १९५८ ला फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या एतेलच्या खाडीमुखाशी तो एका फुगवायच्या लाइफ राफ्टची चाचणी घेत होता. खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा आणि त्यावर फुटणाऱ्या लाटा. आपल्या कोकणातल्या कुठल्याही मच्छीमाराला ती जागा न बघता कळेल. राफ्ट आणि मदतीला गेलेली लाइफबोट, दोन्ही उलटल्या. ९ माणसं गेली. बोंबार वाचला, पण त्यानंतरचा बोंबार वेगळा होता, असं त्याच्याबद्दल लिहिणारे सगळे म्हणतात. तो २००५ साली वारला.

लाइफ राफ्ट आणि रबरी होडी यांत फरक काय?

होडी कुठेतरी जायला असते. राफ्ट असतो तिथेच थांबायला. राफ्टला इंजिन नाही, नाक नाही. गोल किंवा बहुकोनी, एकावर एक दोन कडी, वर तंबू, खाली लोंबत्या पाण्याच्या पिशव्या, ज्या भरल्या की राफ्ट सहज उलटत नाही. तो वाऱ्याबरोबर वाहत जाऊ नये म्हणून पाण्यात कापडी नांगर सोडतात. शोधायला येणारे जहाज बुडालं तिथे आधी येणार, म्हणून तिथून लांब जायचं नाही.

राफ्टचा इतिहास झोडियॅकपेक्षा इंग्रजांकडे जास्त आहे. रेजिनाल्ड फॉस्टर डॅग्नल या माणसानं १९२० मध्ये आरएफडी नावाची कंपनी काढली. तीही आधी हवेत उडणाऱ्या फुगीर वस्तूंची, म्हणजे इथेही तोच मार्ग! दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडलेल्या वैमानिकांसाठी सिलिंडरनं फुगणाऱ्या छोट्या होड्या लागल्या, त्यातून हे तंत्र पक्कं झालं. व्यापारी जहाजांवर मात्र लाइफबोटींचंच राज्य होतं. १९६० च्या सोलास, म्हणजे समुद्रावरच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारानं फुगवायच्या राफ्टला रीतसर जागा दिली.

डेकवरच्या त्या पांढऱ्या पिंपातला राफ्ट आपोआप कसा उघडतो?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून जरा लांब सांगतो.

फायबरच्या त्या दोन अर्ध्या कवचांत घडी घातलेला राफ्ट आणि कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर असतं. थंडीत वायू गोठून अडकू नये म्हणून त्यात थोडा नायट्रोजन मिसळतात. सिलिंडरच्या तोंडाला जोडलेली लांब दोरी, जिला आम्ही पेंटर म्हणतो, कवचातून बाहेर येते. वेळ असेल तर पिंप पाण्यात ढकलायचं आणि दोरी ओढत राहायची. ओढून ओढून माणूस वैतागतो, आणि मग एक हिसका बसतो आणि पिंप फाटून राफ्ट उघडतो. नियमाप्रमाणे एका मिनिटात फुगला पाहिजे. फुगून झाल्यावर जास्तीचा वायू व्हॉल्व्हमधून फुस्स करत निघतो, आणि पहिल्यांदा बघणारा हमखास ओरडतो, "पंक्चर आहे!"

पण जहाज झटकन बुडालं आणि कुणी हात लावायला उरलं नाही, तर? पिंप ज्या पट्ट्यानं बांधलेलं असतं, त्याला वाटीएवढं एक यंत्र असतं, हायड्रोस्टॅटिक रिलीज. जहाज बुडताना ४ मीटर खोली गाठायच्या आत पाण्याच्या दाबानं त्यातलं पातं सुटतं आणि पट्ट्याला धरणारी दोरी कापली जाते. पिंप मोकळं होऊन वर तरंगतं. पेंटर अजून जहाजाला आहे. जहाज खाली जातंय, दोरी ताणली जाते, हिसका बसतो, राफ्ट फुगतो. आता फुगलेला राफ्ट जहाजाबरोबर ओढला जायला नको, म्हणून पेंटरचं टोक मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या एका दुव्याला बांधतात. तो दुवा तुटतो आणि राफ्ट सुटतो.

आणि नेमकं इथेच माणसं चुकतात. एका जहाजावर मी चार्ज घेतला, तेव्हा आधीच्या कुणीतरी पेंटर त्या कच्च्या दुव्याला न बांधता सरळ डेकच्या लोखंडी कडीला बांधला होता, वर भरभक्कम शॅकल लावून. बांधणाऱ्याला वाटलं असेल, कच्चं कशाला ठेवायचं. तसं राहिलं असतं तर जहाजानं राफ्टलाही तळाशी नेलं असतं. गाठ सोडायला मला दोन मिनिटं लागली. ती किती महिने तशी होती, देव जाणे.

राफ्टमध्ये खायला-प्यायला काय असतं?

खोल समुद्रातल्या जहाजांच्या राफ्टमध्ये माणशी दीड लिटर पाणी आणि माणशी १०,००० किलोज्यूलचं खाणं, म्हणजे घट्ट दाबलेल्या कोरड्या बिस्किटांच्या वड्या. साधारण एका दिवसाच्या जेवणाएवढी शक्ती, तीच पुरवून खायची. शिवाय मासे पकडायचा गळ, वल्ही, आरसा, शिट्टी, टॉर्च, पॅराशूटचे आणि हातात धरायचे फटाके, धुराचे डबे, ठिगळाचं सामान, हातपंप, तराफ्याला लागू नये अशी बोथट टोकाची सुरी. आणि उलटीवरच्या गोळ्या, त्या मात्र सगळ्यात आधी घ्यायच्या. बंद तंबूत, रबराच्या वासात, लाटेवर वीस माणसं बसली की कुणाचंही पोट टिकत नाही, आणि ओकण्यातून पाणी जातं ते परत कुठून आणायचं?

सर्व्हिसिंगच्या वेळी मुदत संपलेल्या पाण्याच्या पुड्या काढतात. मी एक फोडून प्यायलो आहे. प्लास्टिकच्या कपाटात वर्षभर ठेवलेल्या पाण्यासारखं लागतं.

राफ्टची सर्व्हिसिंग दरवर्षी खरंच लागते का? कंपन्या पैसे काढतात असं ऐकलं.

लागते. साधारण दर १२ महिन्यांनी तो मान्यता असलेल्या स्टेशनवर नेऊन पूर्ण उघडतात, फुगवून ठेवतात, दाब तपासतात, सिलिंडर तोलतात आणि परत घडी घालतात. ती घडी हा एक वेगळाच हुन्नर आहे. चुकीची घडी पडली तर तोच दुमडलेला कोपरा चिरतो.

१७ मे २०२१ आठवा. तौक्ते वादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा बार्ज नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. नौदलानं खवळलेल्या समुद्रातून बरीच माणसं काढली, तरी सत्तरच्या आसपास गेली. वाचलेल्यांनी पत्रकारांना सांगितलं, की राफ्ट टाकायला गेलो तर त्यांतले बरेच पंक्चर निघाले. यावर मी काय वेगळं लिहू?

ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेची माणसं जी होडी वापरतात ती हीच का?

हीच. जून १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाजवळ प्रशांत महासागरात सोव्हिएत देवमासे-शिकाऱ्यांच्या आणि देवमाशांच्या मध्ये ग्रीनपीसची माणसं झोडियॅकमध्ये बसून घुसली. हार्पून त्यांच्या डोक्यावरून गेला. ते चित्रीकरण जगभर दाखवलं गेलं, आणि बलाढ्य जहाजासमोर इवलीशी रबरी होडी ही त्यांची ओळखच झाली.

दहा वर्षांनी याच्या उलट झालं. १० जुलै १९८५ ला न्यूझीलंडमधल्या ऑकलंड बंदरात ग्रीनपीसचं 'रेनबो वॉरियर' स्फोटांनी बुडवलं गेलं आणि फर्नांदो परेरा हा छायाचित्रकार मेला. बॉम्ब लावणारे फ्रेंच सरकारचे हेर, आणि त्यांनी वापरलेली होडी झोडियॅक. टोळीतले दोघं पकडले कसे गेले? रात्री किनाऱ्यावर होडी आणि व्हॅन यांची चाललेली लगबग स्थानिक पहारेकऱ्यांना खटकली आणि त्यांनी व्हॅनचा नंबर टिपून ठेवला. सप्टेंबरात फ्रान्सच्या संरक्षणमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला.

आवाज कमी, उथळ पाण्यात जाते, कुठेही लागते, घडी करून गाडीत मावते. वाचवणाऱ्याला जे गुण हवेत, तेच दुसऱ्यालाही हवे असतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कफ परेडच्या मच्छीमार वस्तीशी रबरी होडी लागली होती, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

खाली फायबरचा तळ आणि कडेनं रबर असते, ती कुठली?

तिला रिब म्हणतात. ती वेल्सची. १९६० च्या दशकात तिथल्या अटलांटिक कॉलेजचे प्रमुख रिअर अॅडमिरल डेस्मंड होअर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना एकच डोकेदुखी होती : गोट्यांच्या किनाऱ्यावर रबरी होडीचा कापडी तळ सारखा फाटायचा. त्यांनी खाली टणक तळ बसवून पाहिला, आणि फाटायचं थांबलंच, वर होडी लाटांवर पळायलाही लागली. होअरनी पेटंट ब्रिटनच्या जीवरक्षक संस्थेला एका पौंडाला दिलं. पुढे झोडियॅकसकट सगळ्यांनी हे तंत्र उचललं.

एवढी मोठी होडीवाली कंपनी विमानाच्या सीट का बनवायला लागली?

१९६०-७० च्या दशकांत सुट्टीतला फ्रेंच माणूस गाडीच्या डिकीत होडी टाकून समुद्रावर जायला लागला, धंदा वाढला, पैसा आला. त्या पैशातून कंपनीनं दुसऱ्या कंपन्या विकत घ्यायला सुरुवात केली. आधी ओळखीतल्याच : पॅराशूट आणि जीवरक्षक साहित्यवाली एराझूर, मग लाइफ राफ्टवाली 'बोंबार'. म्हणजे ज्या डॉक्टरनं झोडियॅकला नाव मिळवून दिलं, त्याच्या नावाचा ब्रँडही शेवटी तिच्याच घरात आला. १९८७ साली अमेरिकेची एअर क्रूझर्स घेतली, जी विमानातून उतरायच्या फुगीर घसरगुंड्या करते. इथून विमानकंपन्यांची दारं उघडली. मग सीट, स्वच्छतागृहं, इंधनाची उपकरणं. दुसरीकडे पोहण्याच्या तलावांचं सामान. इंग्लंड-वेल्सकडची जुनी प्रतिस्पर्धी एव्हनसुद्धा १९९० च्या दशकात पोटात गेली.

मग होडीच नकोशी झाली. २००७ मध्ये होड्या आणि तलाव हा सगळा भाग कार्लाइल या गुंतवणूक कंपनीकडे गेला, आणि उरलेली 'झोडियॅक एअरोस्पेस' झाली. तिला पुढे सीट वेळेवर देता येईनात, विमानकंपन्या चिडल्या, आणि २०१८ मध्ये साफ्रान या फ्रेंच कंपनीनं ती घेतली.

मग आज झोडियॅक नावाची होडी कोण बनवतं?

हौशी लोकांच्या होड्या झोडियॅक नॉटिक, सैन्य आणि बचावदलांच्या झोडियॅक मिलप्रो. तलाव साफ करणारे झोडियॅक रोबो तिसऱ्याच घरचे, ते २०१८ पासून स्पेनच्या फ्लुइड्राकडे. आडनाव एक, चुली वेगळ्या.

आपल्या पुरात दिसतात त्या केशरी होड्या याच कंपनीच्या का?

सगळ्या नाहीत. अशा होड्या आता अनेक देशांत, आपल्याकडेही, बनतात. आपलं नौदल त्यांना सरसकट 'जेमिनी' म्हणतं. राशिचक्र कंपनीचं, मिथुन रास आपली. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ ला चिपळुणात एनडीआरएफनं माणसं काढली ती अशाच होड्यांतून. त्यांची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. पुराच्या पाण्यात यांचा खरा शत्रू म्हणजे पाण्याखाली गेलेलं काटेरी तारेचं कुंपण, म्हणून पुढे एक जण बांबू घेऊन पाणी चाचपत बसलेला दिसतो.

गोव्याशी एक धागा आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत असलेले नौदलाचे अभिलाष टॉमी दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडले. डोलकाठ्या मोडल्या, पाठीला जबर मार. त्यांची 'तुरीया' रत्नाकर दांडेकरांच्या गोव्यातल्या कारखान्यात बांधलेली. २४ तारखेला 'ओसिरिस' हे फ्रेंच गस्ती जहाज पोहोचलं आणि त्याच्या फुगवायच्या होड्या तुरीयाला जाऊन लागल्या. मोडक्या काठ्या आणि तारा लोंबत असलेल्या शिडाच्या होडीला टणक बोट लावली तर दोघी एकमेकींना फोडतील. रबर मात्र दाबलं जातं आणि चिकटून राहतं. स्ट्रेचरवरचा माणूस तिथून हलवायचा होता.

विकत घ्यायची असेल तर पीव्हीसी की हायपेलॉन?

खाडीत, तळ्यात अधूनमधून नेणार असाल तर पीव्हीसी पुरे. कोकणच्या उन्हात वर्षभर बाहेर राहणार असेल तर हायपेलॉन जातीचं, म्हणजे कृत्रिम रबर लावलेलं कापड घ्या, महाग असलं तरी. मूळ हायपेलॉन ड्यूपाँ कंपनीनं २०१० मध्ये बंद केलं, नाव मात्र तसंच चालतं. आणि दुपारच्या उन्हात होडी टम्म भरून ठेवू नका. सकाळी भरलेली हवा दुपारी फुगते, सांधे उसवतात.

उलटा पडलेला राफ्ट एकटा माणूस सरळ करू शकतो का?

करू शकतो, तसा नियमच आहे. मुंबईत प्रशिक्षणाच्या वेळी तलावात आम्हाला प्रत्येकाला करायला लावलं होतं. सिलिंडरच्या बाजूला जायचं, तळावर आडव्या शिवलेल्या पट्ट्या धरायच्या, पाय राफ्टच्या कडेवर रोवायचे आणि मागे झुकायचं. आधी काहीच होत नाही. मग तो हळूच उभा राहतो, क्षणभर डोक्यावर भिंतीसारखा थांबतो आणि पूर्ण अंगावर येतो. पाण्याखाली अंधार, वर रबर, कानात फक्त आपलाच श्वास. उस्ताद आधीच ओरडून सांगत होते, "घाबरू नका, पाठीवर फिरा, हातानं छत ढकलत बाहेर या!" माझ्या पुढचा मुलगा नाशिककडचा होता, समुद्र त्यानं आदल्याच आठवड्यात पहिल्यांदा पाहिला होता. तो बाहेर आला तो नाकातोंडातून पाणी काढत, आणि पहिलं वाक्य बोलला, "सर, अजून एकदा करू?"